हिब्रू आपण कोणत्या भाषेतून शिकलो?

बेने इस्राएल समाजाविषयी विद्वानांनी लिहिलेली पुस्तके आता एका फळीवर मावणार नाहीत. आपल्यासारख्या लहानशा समाजाच्या मानाने ही गोष्ट समाधानाचीच म्हणावी लागेल. या बहुतेक ग्रंथांत शिक्षणाचे एक प्रकरण असते, आणि त्याची मांडणीही बहुधा ठरून गेलेली असते. आधी अज्ञानाचा काळ, मग दावीद रहाबी, मग कोचीनहून आलेले शिक्षक, मग अमेरिकन व स्कॉटिश मिशनरी, मग मुंबईची इस्राएलाइट स्कूल आणि शेवटी आपल्यातील डॉक्टर, वकील, प्राध्यापक यांची नामावळी. एकेक परका माणूस येतो, काहीतरी देतो आणि जातो. आपले पूर्वज मात्र प्रत्येक वेळी ओंजळ पुढे करून उभे असतात.

ही मांडणी खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. ती अर्धी आहे, एवढेच म्हणणे आहे. कोणी शिकवले हे ती सांगते. कसे शिकलो, कोणत्या भाषेतून शिकलो आणि आपल्याच माणसांनी आपल्याच मुलांना काय शिकवले, याविषयी ती फार थोडे बोलते. हा उणेपणा केवळ विद्वानांच्या माथी मारण्यातही अर्थ नाही. इतिहास हा विचारणारा आणि सांगणारा यांच्या संवादातून तयार होतो. आपण या संवादात काय सांगितले आणि काय सांगायचे राहून गेले, तेही पाहिले पाहिजे.

हा प्रश्न नुसता पांडित्याचा नाही, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. १९६२ मध्ये येथील मुख्य रब्बिनेटने बेने इस्राएलांच्या विवाहांसाठी वंशाची चौकशी करण्याच्या सूचना काढल्या, तेव्हा आपल्याला आपल्याच देशात उपोषणे व निदर्शने करावी लागली, आणि १९६४ मध्ये त्या सूचनांतून आपल्या समाजाचे नाव काढले गेले. त्या वादात एक बोचरा प्रश्न आडून आडून येतच होता : तुमच्याजवळ हिब्रू नव्हते, तोरा नव्हती, ते तुम्हांला इतरांनी शिकवले, मग तुम्ही मूळचे कसे? तेव्हापासून शिक्षणाचा विषय निघाला की आपली माणसे थोडी सावध होतात. मिशनरींचे नाव आले की विषय बदलतात. हे सावधपण समजण्यासारखे आहे; पण त्यामुळे आपला इतिहास आपणच आखडता घेतला आहे.

प्रथम मिशनरींचेच पाहू. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल न्यूवेल १८१३-१४ च्या सुमारास मुंबईत आले आणि लवकरच त्यांनी मराठी शाळा काढल्या. स्कॉटलंडचे जॉन विल्सन १८२९ मध्ये आले. या मंडळींचा हेतू धर्मांतराचा होता आणि तो त्यांनी लपवलेला नाही. विल्सन यांनी तर बेने इस्राएलांना ख्रिस्ती शिक्षण देण्यासाठी मदत मागणारे आवाहन छापून प्रसिद्ध केले होते. आपल्या पूर्वजांशी ते पुष्कळ बोलले, त्यांच्या चालीरीती विचारल्या, टिपून ठेवल्या. आजच्या भाषेत सांगायचे, तर आपल्याशी शिक्षणाविषयी संवाद करणारे हे पहिले विद्वान. त्यांच्या प्रश्नांमागे उत्तर मात्र आधीच ठरलेले होते : या लोकांना जुना करार द्यावा, म्हणजे ते पुढे नव्या कराराकडे वळतील.

प्रत्यक्षात घडले ते उलटे. आपल्या लोकांनी जुना करार घेतला आणि ते तेथेच थांबले. ख्रिस्ती झालेल्यांची संख्या नगण्य राहिली. ज्या पुस्तकांनी त्यांना समाजातून बाहेर न्यायचे होते, त्याच पुस्तकांनी ते आपल्या धर्मात अधिक पक्के झाले. हे ओंजळ पसरून उभ्या असलेल्या माणसाचे वागणे नव्हे. बाजारात दहा वस्तू मांडलेल्या असताना आपल्याला हवी तेवढीच निवडून घरी आणणाऱ्या गृहस्थाचे हे वागणे आहे.

आणि येथेच भाषेचा मुद्दा येतो. विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे सांगणारे एक पुस्तक बेने इस्राएलांसाठी तयार केले. ते मराठीत होते. या एका गोष्टीवर आपल्या इतिहासकारांनी जितके थांबायला हवे होते, तितके ते थांबलेले नाहीत. हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहावे लागले, याचा अर्थ शिकणारा मराठी वाचणारा होता. म्हणजे अज्ञानाचा म्हणून जो काळ दाखवला जातो, त्या काळातही आपल्यात अक्षरओळख असलेली माणसे होती. मुंबईच्या लष्करात आपले लोक सुभेदार, सुभेदार-मेजर या हुद्द्यांपर्यंत चढले होते. १७९६ मध्ये मुंबईत पहिली मशीद बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हे लष्करातलेच. मिशनच्या मराठी शाळांत तर शिकवण्याच्या कामावर आपल्यातलीही माणसे नेमलेली होती. त्या शाळांच्या इतिहासात मिशनरीचे नाव ठळक येते, पण पाटीवर अक्षर गिरवून घेणाऱ्या आपल्या पंतोजींचा उल्लेख 'एक यहुदी शिक्षक' एवढाच होतो. मिशनरीला मुलांची संख्या कळवायची होती; पंतोजीचे नाव त्याला महत्त्वाचे वाटले नाही. त्याच्यापाशी तक्रार करण्यात अर्थ नाही. पण आपल्यालाही ते महत्त्वाचे वाटू नये, हे नवल आहे.

कोचीनच्या शिक्षकांविषयीही थोडे असेच झाले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात कोचीनहून आलेले हज्जान व शिक्षक यांचे आपल्यावर मोठे ऋण आहे. १८५६ मध्ये मुंबईत निवर्तलेले शेलोमो सालेम शुर्राबी यांचे नाव तर जुनी मंडळी फार आदराने घेत. पण कोचीनच्या माणसाची घरची भाषा मल्याळम. मुंबईत आणि कोकणात येऊन त्याने पारशा समजावला असेल तो कोणत्या भाषेत? त्याला मराठी शिकावी लागली असणार, आणि ती शिकवणारे आपलेच यजमान असणार. एक जण हिब्रू शिकवतो आणि त्यासाठी समोरच्याकडून मराठी शिकतो, या व्यवहाराला आपण दान म्हणतो. मी त्याला देवाणघेवाण म्हणेन.

आता आपल्या स्वतःच्या इतिहासकाराकडे वळू. हाईम सॅम्युएल केहिमकर यांचा बेने इस्राएलांचा इतिहास हा आपला मूळ ग्रंथ. तो त्यांनी १८९७ मध्ये लिहिला, आणि छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला, डॉ. इम्मानुएल ओल्सवांगर यांच्या खटपटीने. चाळीस वर्षे हस्तलिखित पडून होते. केहिमकर हे नुसते लेखक नव्हते. १८७५ मध्ये त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह मुंबईत इस्राएलाइट स्कूल सुरू केली. तीच पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. ज्याने शाळा काढली त्यानेच इतिहास लिहिला, हे भाग्य फार थोड्या समाजांना लाभते.

केहिमकरांच्या ग्रंथाविषयी बोलताना आवाज आपोआप खाली येतो, आणि तो यावा. सणांची आपली जुनी मराठी नावे, नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण, ही त्यांनी टिपून ठेवली नसती तर आज ती आपल्या नातवंडांना कोणी सांगितली असती? घरातले विधी, जेवणखाण, लग्नाच्या रीती, सगळे त्यांनी डोळ्यांसमोर उभे केले. तरीही टीकाकाराचे काम केवळ नमस्काराने भागत नाही. हा ग्रंथ इंग्रजीत आहे. ज्याने आयुष्य मराठी मुलांच्या शाळेसाठी वेचले, त्याने त्या मुलांचा इतिहास त्यांच्या आईबापांना वाचता येणार नाही अशा भाषेत लिहिला.

कारण उघड आहे. केहिमकरांचा श्रोता समोर कोकणात बसलेला नव्हता. तो लंडनमध्ये होता. शाळेला मदत करणारी अँग्लो-ज्युइश असोसिएशन तेथे होती. शिवाय मुंबईतच काही बगदादी मंडळी आपल्या यहुदीपणाविषयी शंका घेत होती. केहिमकरांना साक्ष द्यायची होती. न्यायालयात उभा असलेला माणूस आपल्या बाजूचे पुरावे सांगतो, उपकारकर्त्यांचे आभार मानतो आणि घरातल्या बारीकसारीक गोष्टी टाळतो. केहिमकरांच्या शिक्षणविषयक लेखनाला हे साक्षीचे वळण लागले आहे. मिशनरींचे त्यांनी मोकळ्या मनाने आभार मानले, हा त्यांचा मोठेपणा. पण वर्गात काय चाले, हिब्रूचा धडा कसा दिला जाई, मुले मराठीतून अर्थ कसा घोकीत, हे ज्याला सर्वांत जास्त ठाऊक होते, त्यानेच ते सर्वांत कमी सांगितले.

त्यानंतरच्या विद्वानांनी केहिमकरांवर इमारत उभी केली. आपले बेंजामिन जे. इस्राएल यांनी १९८४ च्या आपल्या निबंधांत परंपरागत समजुती चिकित्सेने तपासून पाहिल्या. घरातल्याच माणसाने असे करायला धैर्य लागते. शर्ली बेरी आयझेनबर्ग यांचा १९८८ चा ग्रंथ म्हणजे माहितीची खाण आहे. जुने मिशनचे अहवाल त्यांनी कष्टाने धुंडाळले. जोन रोलंड यांनी १९८९ मध्ये ब्रिटिश राजवटीतील आपली ओळख कशी घडत गेली याचा साक्षेपाने शोध घेतला. २०१२ मध्ये मिच न्यूमार्क यांनी तर मुंबईतील हिब्रू शिक्षण हाच विषय घेऊन एक मोठा निबंध लिहिला, आणि प्रोटेस्टंट मिशनरी व कोचीनचे यहुदी या दोघांच्या एकत्र कामातून आपल्या समाजात हिब्रू कसे रुजले ते दाखवले.

न्यूमार्क यांचा निबंध वाचून आपल्यातले काही जण अस्वस्थ होतील. मला तसे वाटत नाही. ज्या कोचीनच्या शिक्षकांना आपण उपकारकर्ते मानतो, त्यांतले काही मिशनच्या शाळांत काम करीत होते, हे त्यांनी पुराव्यानिशी मांडले आहे, आणि खरे ते खरे. माझा आक्षेप निराळा आहे. त्यांचा मुख्य आधार मिशनची कागदपत्रे हा आहे. ज्याच्या वहीतून आपण इतिहास वाचतो, त्याच्याच डोळ्यांनी आपल्याला तो दिसतो. मिशनरीच्या वहीत शिक्षक कर्ता असतो आणि विद्यार्थी कर्म असतो. विद्वान कितीही निःपक्षपाती असला तरी वाक्याची ही रचना हळूच त्याच्या लेखणीत उतरते.

याला उतारा म्हणून विद्वान आपल्याकडे येतात, आपल्या वृद्धांशी बोलतात. अश्दोद, लोद, बेर-शेवा, दिमोना येथील किती घरांत असे संवाद झाले असतील! पण या संवादांतही एक गंमत होते. प्रश्न इंग्रजीत किंवा हिब्रूत विचारला जातो. आजोबा उत्तर देतात ते बहुधा केहिमकरांचे, स्वतः वाचलेले नाही तर कोणाकडून ऐकलेले. विद्वान लिहून घेतो, 'समाजात अशी परंपरा आहे.' मग ते पुस्तक छापून येते, नातू ते वाचतो आणि पुढच्या विद्वानाला तेच सांगतो. केहिमकर तीनदा बोलतात आणि तीन साक्षीदार असल्याचा भास होतो. आजोबांना स्वतःला आठवत असते ते वेगळेच : शुक्रवारी संध्याकाळी बाबांनी पाठ करून घेतलेले किद्दूश, शब्दाखाली पेन्सिलीने लिहिलेला मराठी उच्चार, कीर्तनातून ऐकलेली योसेफाची कथा. ते विचारले जात नाही, कारण तो 'शिक्षणाचा इतिहास' आहे असे ना विचारणाऱ्याला वाटते, ना सांगणाऱ्याला.

वास्तविक शिक्षणाचा इतिहास तोच आहे, आणि त्याची लेखी साधनेही आहेत. ती मराठीत आहेत, एवढाच त्यांचा दोष. १८४६ मध्ये मुंबईत हगादा शिळाछापावर छापली गेली, हिब्रूबरोबर मराठी अर्थ देऊन. १८७४ मध्ये पुण्याला सचित्र हगादा निघाली. तिच्या चित्रांतल्या बायका नऊवारी नेसलेल्या आहेत. विद्वान या चित्रांवर हौसेने लिहितात, संग्रहालये ती भिंतीवर लावतात. पण ही पुस्तके भिंतीसाठी छापलेली नव्हती. डोळा हिब्रूवरून मराठीवर आणि मराठीवरून पुन्हा हिब्रूवर जाईल, अशी ती घरोघरची क्रमिक पुस्तके होती. पेसाहच्या रात्री ज्या घरात ती उघडली गेली, त्या घरात एक वर्ग भरला. आई, आजी, लहान मुले, सगळे त्या वर्गात. यांची हजेरी कोणत्याही मिशनच्या अहवालात नाही.

योसेफ यहेज्केल राजपूरकरांचेच उदाहरण घ्या. १८३४ मध्ये मुंबईत जन्म, मिशनच्या शाळेत शिक्षण, १८५६ मध्ये डेव्हिड ससून यांच्या संस्थेच्या शाळेत शिक्षक आणि १८६१ मध्ये तेथेच मुख्याध्यापक. पुढे मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक. बगदादी श्रीमंतांनी स्थापलेल्या शाळेचा प्रमुख एक बेने इस्राएल असावा, आणि त्याच मुंबईत बेने इस्राएलांच्या यहुदीपणाविषयी शंका घेतली जावी! राजपूरकरांनी सणासुदीच्या प्रार्थना एकामागून एक मराठीत आणल्या. मिशनने ज्याला ख्रिस्ती करण्यासाठी शिकवले, त्याने त्या शिक्षणाचे काय केले, याचे उत्तर या अनुवादांत आहे. पण विद्वानांच्या ग्रंथांत राजपूरकर नामावळीत येतात. त्यांचे मराठी उघडून, हिब्रू शब्दाला त्यांनी कोणता मराठी शब्द योजला, का योजला, असा विचार क्वचितच होतो. एका पिढीला धर्म समजला तो त्या शब्दांतून. शिक्षणाचा इतिहास याहून वेगळा काय असतो?

स्त्रियांच्या शिक्षणाचेही तसेच. रिबेका रूबेन १९०५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत पहिल्या आल्या, डॉ. जेरुशा झिराड लंडनहून एम.डी. होऊन आल्या आणि पुढे मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या, १९६६ मध्ये पद्मश्री झाल्या. ही नावे आपण अभिमानाने सांगतो आणि विद्वानही नमूद करतात. पण रूबेनबाई १९२२ ते १९५० अशी जवळजवळ तीन दशके आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्या मॅट्रिकला पहिल्या आल्या ही एका दिवसाची बातमी. त्यांनी अठ्ठावीस वर्षे मुले घडवली हा इतिहास. त्यांच्या हाताखाली शिकलेली पहिल्या पिढ्यांतली माणसे आता फारशी उरलेली नाहीत. शेवटच्या वर्षांतली काही आहेत, नव्वदीच्या आसपासची, आणि त्यांतली काही आपल्याच गावांत राहतात.

येथे एका गोष्टीचा स्पष्ट उच्चार केला पाहिजे. 'आपल्याला सर्व काही आधीपासूनच येत होते,' असे म्हणण्याचा मोह होतो, तो टाळावा. आपल्याला हिब्रू येत नव्हते. शेमा येत होता, शनिवार पाळत होतो, सुंता होती, खाण्यापिण्याचे नियम होते. पण पुस्तक नव्हते. ते आपण इतरांकडून घेतले, हे कबूल करण्यात कमीपणा नाही. जगातल्या कोणत्या समाजाला कधीच कोणाकडून शिकावे लागले नाही? १९६२ मध्ये ज्यांनी हा मुद्दा आपल्याविरुद्ध वापरला, त्यांच्या भीतीने आपण आजही इतिहास झाकत राहिलो, तर १९६४ मध्ये जिंकलेला लढा पुन्हा हरल्यासारखे होईल. त्यांना द्यायचे उत्तर हे नव्हे की आपल्याला कोणी शिकवले नाही. उत्तर हे की शिकवणारे अनेक होते, त्यांचे हेतूही अनेक होते, आणि आपण त्यांतून आपले तेवढे घेतले, आपल्या भाषेत घेतले.

आता वेळेचा प्रश्न. मुंबईत आपण मराठीतून हिब्रू शिकलो. या देशात आल्यावर उलपानमध्ये हिब्रूतून हिब्रू शिकलो. तेथे मराठीचे काम नव्हते. आपल्या नातवंडांना हिब्रू उत्तम येते आणि मराठी चार शब्द येते. म्हणजे ज्या शिडीवरून आपण वर चढलो, ती शिडी कशी होती हे वाचून सांगणारी माणसे आपल्यात दर वर्षी कमी होत आहेत. राजपूरकरांचे अनुवाद, कीर्तनांच्या वह्या, जुन्या मराठी मासिकांचे अंक कोणाकोणाच्या कपाटांत आहेत. मालक गेला की मुलांना ती कागदांची रद्दी वाटते, कारण त्यांना ती वाचता येत नाही. परदेशी विद्वानाला ती वाचता येत नाही म्हणून आपण नाराज होतो. आपल्याच घरात उद्या तीच स्थिती येणार आहे.

म्हणून विद्वानांना दोष देऊन थांबण्यापेक्षा, संवादातली आपली बाजू आपण नीट सांभाळावी, हे बरे. पुढच्या वेळी कोणी संशोधक दारी आला, तर त्याला चहा द्यावा, केहिमकरांचे नाव आदराने घ्यावे, आणि मग कपाटातली मराठी प्रार्थनापुस्तके त्याच्यासमोर ठेवावीत. समासात कोणी काय लिहिले आहे ते वाचून दाखवावे, अर्थ सांगावा. त्याला प्रश्न सुचले नाहीत, तर आपण सुचवावेत : आजीला अक्षर कोणी शिकवले? पारशा कोणाकडून पाठ केला? शाळेत हिब्रूचे मास्तर मराठीत काय म्हणत? आणि संशोधक येण्याची वाट पाहायचीच कशाला? ज्यांना मराठी वाचता येते आणि नातवंडांशी हिब्रूत बोलता येते, अशी एक पिढी अजून आपल्यात आहे. एका पानावरचे मराठी तिने मोठ्याने वाचावे, शेजारी नातवाने ते हिब्रूत उतरवून घ्यावे. राजपूरकरांनी हिब्रूवरून मराठीत आणले. ते आता मराठीतून हिब्रूत जाईल. हे काम करण्यासाठी विद्वान असण्याची गरज नाही. चष्मा, वही आणि आठवड्यातली एक दुपार, एवढे पुरे आहे.